आधी पोटोबा

घरात खाऱ्या पाण्याचा छोटा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, मांडायचं ठरलं, की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यात मासे कोणते ठेवायचे? आणि उत्तर शोधलं जातं ते डोळ्यांनी. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली जो उठून दिसतो, तो पसंत पडतो. हा मोह समजण्यासारखा आहे. गोड्या पाण्यातल्या माशांना असे रंग क्वचितच लाभतात. पण माशाच्या रंगाचं टँकमधल्या पाण्याला काही देणंघेणं नसतं. पाण्याशी नातं असतं त्याच्या पोटाचं. तो काय खातो, दिवसातून किती वेळा खातो, खाल्लेल्याचं पाण्यात काय करून ठेवतो आणि आपण टाकलेलं अन्न त्याला मुळात अन्न वाटतं का, यावर तो जगणार की नाही हे ठरतं. ‘आधी पोटोबा’ ही म्हण माणसांसाठी असली, तरी नवशिक्याने टँकसाठी जीव निवडताना ती जशीच्या तशी वापरावी, असं माझं म्हणणं आहे. तसं केलं की दुकानातले बरेचसे जीव यादीतून आपोआप गळतात. जे उरतात त्यांचा क्रमही निराळाच लागतो, आणि मासा त्यात सगळ्यात शेवटी येतो.

‘छोटा’ म्हणजे किती, ते आधी पाहू. दोन फुटी, ६० लिटरचा टँक घेतला, तर दगड आणि वाळू घातल्यावर त्यात पाणी मावतं जेमतेम ५० लिटर, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे अडीच जार. एवढ्याशा पाण्यात चूक विरून जायला जागाच नसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टँकमधून रोज अर्धा लिटर पाण्याची वाफ झाली, तर पाणी जातं आणि मीठ मागेच राहतं. पाच दिवस कुणी लक्ष दिलं नाही, तर ३५चा आकडा ३७च्या जवळ जातो. म्हणून ही रोजची तूट खाऱ्या पाण्याने भरायची नसते, शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याने भरायची असते. नवशिके पहिल्यांदा चुकतात ते इथेच. दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या उष्ट्या अन्नातून तो सतत पाण्यात येत असतो. रीफ टँकच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३च्या आसपास ठेवावा लागतो, आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियातला विषारी हिस्सा मोठा. त्यामुळे गोल्डफिश वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसाचाही अंदाज इथे चुकतो. चिमटीने टाकलेलं प्रत्येक खाद्य शेवटी अमोनिया होऊन हिशेबाला येतं. तेव्हा खाणारी तोंडं मोजूनच घ्यायला हवीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. पाणी जितकं जास्त तितकं ते स्थिर. मग नवशिक्याला छोटा टँक सुचवणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला एकचाकी देणं नाही का? पाण्यापुरतं हे खरं आहे. पण टँक मांडणारा माणूसही या हिशेबात धरायला हवा. ३०० लिटरच्या टँकमधलं १० टक्के पाणी बदलायचं तर ३० लिटर पाणी शुद्ध करा, त्यात मोजून मीठ विरघळवा, ते तापमानाला आणा आणि मग उपसाउपशी करा. हे काम दोन आठवडे होतं, तिसऱ्या आठवड्यात टळतं. छोट्या टँकला पाच लिटर पुरतात. त्याला अर्धी बादली आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. छोटा टँक जास्त तोंडांना क्षमा करत नाही, पण चूक स्वस्तात दुरुस्त करू देतो. मात्र एका बाबतीत माघार नाही. रीफ टँकचं पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राहायला हवं, आणि वीज गेली तरी पंप फार वेळ बंद राहून चालत नाही. नागपूरच्या मे महिन्यात चिलर किंवा एसी नसेल आणि इन्व्हर्टरही नसेल, तर कितीही काटक मासा निवडला तरी उपयोग नाही. तिथे टँक न मांडणं हाच शहाणपणा.

आता क्रमाकडे. टँकमध्ये पहिल्यांदा येणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिल्या दोन रूपांच्या मानाने नायट्रेट बरंच सौम्य, आणि ते पाणी बदलून काढून टाकता येतं. दगडाच्या भोकाभोकांतून ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टँकमध्ये नुसते दगड आणि खारं पाणी. पाहुणे विचारतात, ‘मासे कुठायत?’ हा संकोच टाळण्यासाठी पूर्वी एक सर्रास रीत होती: दोन-तीन स्वस्त डॅमसेल मासे सोडायचे, त्यांच्या घाणीवर जिवाणू पोसायचे. डॅमसेल चिवट, त्यामुळे त्यातले काही जगायचे. खरी अडचण पुढे यायची. आधी येऊन बसलेला डॅमसेल साऱ्या टँकचा गल्लीतला दादा होतो, नंतर येणाऱ्या प्रत्येकाला कोपऱ्यात दाबतो, आणि त्याला बाहेर काढायचं तर सगळे दगड उपसावे लागतात. याच कामासाठी मोजून घातलेला अमोनियाचा थेंब किंवा चिमूटभर माशांचं खाद्य पुरतं. आता बाटलीबंद जिवाणू मिळतात, मग सहा आठवडे कशाला, असंही विचारलं जातं. बाटलीने वेळ वाचतो हे मान्य. पण वस्ती बसली की नाही हे बाटलीवरच्या लेबलावरून कळत नाही, ते टेस्ट किटवरून कळतं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, तरच पहिल्या पोटाची सोय झाली असं समजावं.

त्यानंतर दगडांवर आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ. नवशिका घाबरतो, खरं तर हे पुढच्या पंगतीचं ताट वाढलेलं असतं. शेवाळ चरणाऱ्या शंख-गोगलगाई आता आणाव्यात. ट्रोकस जातीची गोगलगाय उताणी पडली तर स्वतःहून सरळ होते, एवढ्या एका गुणासाठीही ती बरी. ५० लिटरला चार-पाच पुरतात. दुकानात ‘क्लीनअप क्रू’ म्हणून वीस-पंचवीसचं पाकीट पुढे करतात. महिन्याभरात शेवाळ संपतं, मग त्या उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय पुन्हा अमोनियाच देते. शंखात राहणारे हर्मिट खेकडे दिसायला गमतीशीर असतात, पण नवं घर हवं झालं की तेच गोगलगाईला मारून तिचा शंख बळकावतात.

मग प्रवाळ. ‘माशांच्या आधी प्रवाळ?’ हा प्रश्न बहुतेकांना पडतो, कारण प्रवाळ म्हणजे काहीतरी फार नाजूक अशी समजूत असते. पोटाची कसोटी लावली की चित्र बदलतं. टँकमध्ये ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून यजमानाला देतं. म्हणजे यांच्या पोटाची निम्म्याहून जास्त जबाबदारी दिव्याने उचललेली असते. मऊ प्रवाळांना, म्हणजे मश्रूम, लेदर, झोअँथिड यांना, मध्यम उजेड चालतो, पाण्यात थोडं नायट्रेट असलेलं चालतं. अगदी निर्मळ पाण्यात तर ती खुरटतात. याउलट अ‍ॅक्रोपोरासारखं दगडी प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधतं. त्यासाठी ते पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारीयता रोज ओढून घेतं आणि ती पातळी ढळलेली त्याला खपत नाही. नवशिक्याच्या अडीच जार पाण्यात ती ढळतेच.

दगडी प्रवाळांच्या बाबतीत पोटापलीकडचंही एक कारण आहे आणि भारतात तेच आधी पाहायला हवं. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या सगळ्या दगडी प्रवाळांना २००१ पासून संरक्षण दिलं आहे; काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्यात येतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात दगडी प्रवाळांवर ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आहे. ‘कुणी विचारत नाही’ हे दुकानदाराचं आश्वासन कायद्यात बसत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. दगड हवेत तर सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे मिळतात, जिवाणूंना तेही चालतात. ‘मग मालवणच्या खडकांतून चार जीव आणले तर काय बिघडलं?’ असंही कुणी म्हणेल. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे एक उत्तर. दुसरं उत्तर या छंदाच्या इतिहासात आहे. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पहिल्या सार्वजनिक मत्स्यालयासाठी जीव पुरवले, पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडभर लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांमधली जिवांनी भरलेली डबकी कशी लुटली गेली, हे पुढे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, खेदाने नोंदवलं आहे.

झोअँथिडविषयी एक इशारा इथेच द्यायला हवा, कारण ते नवशिक्यांच्या टँकमध्ये हमखास असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोज्यांशिवाय ते कापू नयेत, आणि त्यांचा दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात तर कधीच घालू नये. त्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत.

आता मासे. आधी न आणायचे. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’मधली डोरी, म्हणजे ब्लू टँग, दुकानात दीड-दोन इंचांचं पिल्लू म्हणून मिळते. ती वाढते फूटभर. दोन फुटी टँकमध्ये फूटभर लांबीचा पोहणारा मासा ठेवणं म्हणजे घोडा बाल्कनीत बांधणं. दुसरा मँडरिन, निळ्या-नारिंगी नक्षीचा, सगळ्यात सुंदर मासा म्हणता येईल असा. तो दिवसभर दगडांवर फिरून कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो. छोट्या टँकमधला हा साठा काही आठवड्यांत संपतो. बाकी खाद्य समोर पडलेलं असतानाही समुद्रातून पकडलेला मँडरिन त्याला सहसा तोंड लावत नाही आणि हळूहळू वाळत जातो. तिसरा क्लीनर रास. समुद्रात तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन पोट भरतो, त्यासाठी त्याच्या ठिकाणी मासे रांग लावतात. दोन माशांच्या टँकमध्ये हा न्हावी गिऱ्हाइकांअभावी मरतो. तिघांचेही रंग अप्रतिम आहेत, आणि त्यातले शेवटचे दोघे नवशिक्याकडे बहुधा उपाशीच मरतात.

मग उरतं कोण? क्लाउनफिश. तो लोकप्रिय आहे म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. त्याचं पोट सोयीचं आहे म्हणून घेतो. तो दाणे खातो, गोठवलेलं अन्न खातो, दिवसातून दोनदा चिमटीभर मिळालं तरी भागतं. समुद्रफुलाच्या, म्हणजे सी अ‍ॅनिमोनच्या, आसऱ्याशिवायही तो सुखाने राहतो. उलट समुद्रफूल नवशिक्याने आणूच नये, ते जागा बदलत फिरतं आणि पंपात अडकलं तर सारा टँक नासवतं. पण क्लाउनफिशचं खरं वेगळेपण त्याच्या पिल्लाच्या पोटात आहे. त्याची अंडी दगडाला चिकटलेली असतात, नर ती राखतो, आणि बाहेर पडणारं पिल्लू रॉटिफरसारखं सहज वाढवता येणारं खाद्य गिळण्याएवढं मोठं असतं. म्हणून हॅचरीत त्याची पैदास जमली. टँगची अंडी पाण्यावर तरंगणारी, पिल्लू फुटतं तेव्हा त्याला धड तोंडही नसतं, आणि तोंड उघडलं की त्यात मावेल इतकं बारीक जिवंत खाद्य लागतं. त्यामुळे यलो टँगची पैदास जमायला २०१५ आणि ब्लू टँगची जमायला २०१६ साल उजाडलं. हॅचरीतल्या माशाचा नवशिक्याला होणारा फायदाही पोटाचाच: त्याने जन्मापासून माणसाच्या हातचं खाल्लेलं असतं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशन व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी मिळून अशी हॅचरी उभारली आहे. त्यामुळे ‘हॅचरीचा आहे का?’ हा प्रश्न दुकानात विचारायला आता लाजायचं कारण नाही. नर तोंडात अंडी उबवतो तो बंगाई कार्डिनल हाही असाच मासा. त्याची पैदास सोपी, तरीही इंडोनेशियातल्या त्याच्या मोजक्या बेटांवरून तो इतका उपसला गेला, की २००७ साली त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. समुद्रातून मासे पकडणारा कोळी गरीब असतो. आपण हॅचरीचाच मासा घ्यायचा म्हटलं, तर त्याच्या पोटावर पाय देतो की नाही? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ साली केलेल्या पाहणीत या व्यापाराचा अंदाज वर्षाला दोन ते अडीच कोटी मासे इतका होता, आणि त्यातला बहुतांश माल समुद्रातून पकडलेला होता. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: एका बेटदेशात २००० साली खाण्यासाठी पकडलेल्या रीफच्या माशाला किलोला सहा डॉलर मिळत, तर टँकसाठीच्या जिवंत माशाला जवळपास ५०० डॉलर. म्हणजे जाळ्याने, बेताने पकडलेला जिवंत मासा कोळ्याला रीफ राखायला कारण देऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुकानातल्या काचेतून जाळ्याने पकडलेला मासा आणि सायनाइडने बेशुद्ध करून पकडलेला मासा सारखेच दिसतात. फिलिपिन्समध्ये सायनाइडची ही पद्धत १९६०च्या दशकापासून माहीत आहे, आणि त्यात माशाबरोबर आजूबाजूचं प्रवाळही मरतं. गिऱ्हाइकाला फरक ओळखता येत नसेल, तर ज्याचा माग लागतो तो मासा घेणं हेच त्याच्या हातात उरतं. शिवाय हॅचरी म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला वगळणं असंही नाही. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटावर, ऐरोलीच्या हॅचरीत सहभागी असलेल्या त्याच ब्युरोने स्थानिक स्त्रियांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं आहे.

सगळा हिशेब मांडला की ५० लिटरमध्ये दोन क्लाउनफिश आणि फार तर एक लहान मासा बसतो. ‘एवढ्यासाठी एवढा खटाटोप?’ असं वाटणं साहजिक आहे. पण दोन क्लाउनफिशमध्येच पाहण्यासारखं बरंच आहे: सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा मादी होतो, आणि मादी गेली तर उरलेला नर तिची जागा घेतो. तिसरा मासा म्हणून लहान जातीचा श्रिंप-गोबी घेतला आणि सोबत पिस्तूल कोळंबी, तर बीळ खणते कोळंबी आणि राखण करतो गोबी. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून ती बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. त्याने शेपटी हलवली की दोघंही बिळात. दहा रंगीत मासे एकमेकांना चुकवत फिरत असतात, तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. टँकवर झाकण मात्र हवं, कारण गोबी जातीचे मासे उड्या मारतात.

खरेदीच्या वेळी एकच परीक्षा पुरे: दुकानदाराला आपल्यासमोर खायला घालायला सांगावं. जो मासा पुढे येऊन खात नाही, तो घेऊ नये, मग दर कितीही पाडून मिळो. आणि खाणारा मासाही थेट टँकमध्ये सोडू नये. समुद्री माशांवर पांढरे ठिपके उठवणारा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी एकदा टँकमध्ये शिरला की त्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने गोगलगाई, कोळंबी, प्रवाळ सगळेच मरतात. म्हणजे आधी आणलेल्या सगळ्यांच्या जिवाशी गाठ. म्हणून आधी वेगळा, साधा प्लास्टिकचा टब, एक फिल्टर, एक हीटर आणि चार-सहा आठवड्यांचा मुक्काम. मासा शेवटी आणायचा याचं हेही एक कारण आहे.

सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षंही जगू शकतो. पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा, मुलगा शिकून परगावी गेला तरी सकाळी खायला मागत काचेपाशी येणार. कुणी खायला घालायला उरलंच नाही, तर तो दुकानात किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे द्यावा, समुद्रात सोडू नये. १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिला लायनफिश दिसला. तो त्या समुद्रातला नव्हताच, आणि कुणीतरी टँकमधून सोडलेल्या माशांपासून तिथली पैदास सुरू झाली असावी, असं मानलं जातं. आज कॅरिबियन समुद्रभर तो पसरला आहे, आणि तिथल्या रीफवरचे लहान मासे त्याच्या पोटात जात आहेत.